व्हीपीएनवरून ३२७० कन्सोल सारखा तुटायलाय, ओएसए-आयसीसीत काय बघायचं?

टिळकवाडी_ऑपरेटर:
नमस्कार मंडळी. मशीन आयबीएमचं झेड१४ मेनफ्रेम, बेंगळुरात. ऑपरेटर बेळगावात. ओएसए-एक्सप्रेस६एस १०००बेस-टी नेटवर्क कार्ड, सीएचपीआयडी (चॅनलची ओळख) ओएससी प्रकारचा, म्हणजे कार्डच आयसीसी होऊन ३२७० टर्मिनल कन्सोल जोडून देतं; एचसीडीत (हार्डवेअर मांडणीच्या साधनात) ०७०० ते ०७०३ ही चार डिव्हाइसेस ३२७०-एक्स म्हणून. पाऊस लागला की इकडची वीज जाते-येते, राउटर उठायला तीन-चार मिनिटं घेतो. तेवढ्यात झेडओएस (मेनफ्रेमची ऑपरेटिंग सिस्टिम) ०७०० कन्सोल सोडून देतं. परत जोडायला गेलं की कधी कधी तेच एलयू नाव (सेशनची ओळख) घेत नाही. दुसरी तक्रार अशी की सुरुवातीची, जोडणी झाल्याचं सांगणारी ओएससी इंडेक्सची ओळ दिसते, पण मोठा डिस्प्ले कमांड दिला की स्क्रीन तिथंच गोठतो. कार्ड बदलायचं म्हणायलेत. खरंच कार्डाचं काम आहे का हे?

निपाणीचा_सिस्प्रोग:
कार्डाला हात लावू नका. ओळीत सीएचपीआयडी आणि सीएसएस (चॅनल सबसिस्टिम) बरोबर दिसत असतील तर कार्ड, केबल आणि आयओसीडीएस (मशीनची आय/ओ मांडणी) जागेवर आहेत.

तुमची तीन वेगळी दुखणी आहेत. पहिलं, झेडओएस कन्सोल सोडतं ते. एचएमसीवर (मशीन सांभाळायच्या कन्सोलवर) ओएसए ॲडव्हान्स्ड फॅसिलिटीज, मग कार्ड स्पेसिफिक, मग पॅनेल कॉन्फिगरेशनमध्ये सेशन एडिट करा. तिथं डीएचडी, म्हणजे होस्टला डिस्कनेक्ट उशिरा कळवणं, असा रकाना आहे. तो चालू करून राउटर उठायला लागतो त्यापेक्षा थोडा जास्त वेळ द्या, तुमच्या हिशेबानं ३०० सेकंद. फार लांबवू नका. समोर कोणी नसताना झेडओएसला कन्सोल जागेवर आहे असंच वाटत राहतं.

दुसरं, एलयू नाव घेत नाही ते. वीज गेली तेव्हा जुनी टीसीपी जोडणी रीतसर बंद झालेलीच नसते. आयसीसीच्या लेखी ती जिवंत, आणि सेशन अडलेलं. आरटीओ (रीड टाइमआउट) इथंच कामाला येतो: समोरून इतके सेकंद काही आलं नाही तर क्लायंट आहे का हे विचारायचं, उत्तर नसेल तर सोडायचं. तो ६० च्या आसपास ठेवा. घाई असेल तर डीबग युटिलिटीजमधल्या ड्रॉप सेशननं तेवढं एकच सेशन पाडा. आरएसपी (रिस्पॉन्स मोड) मात्र बंद ठेवा; लांबच्या लाइनीवर प्रत्येक स्क्रीनची पोच मागत बसला तर कन्सोल रडायला लागतो.

बदल केल्यावर आधी व्हॅलिडेट, मग ॲक्टिव्हेट. ॲक्टिव्हेट करताना चालू सेशन तुटतील असं धरूनच वेळ ठरवा.

खानापूर_नेटवर्क:
उरलेलं तिसरं, गोठणं, हे सरळ एमटीयूचं (एका पॅकेटाच्या कमाल बाइटचं) आहे. मॉडेल २ चा स्क्रीन २४ गुणिले ८०, म्हणजे १९२० अक्षरं, १५०० च्या एका पॅकेटात मावत नाहीत. ओएससीची ओळ छोटी म्हणून येते. भरलेलं पॅकेट आयपीसेक टनेलच्या आवरणासकट मोठं होतं, फायरवॉल आयसीएमपी (पॅकेट मावत नाही हा निरोप आणणारा प्रोटोकॉल) अडवत असेल तर पाठवणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. विंडोजवर पिंगला तुकडे न करण्याचा पर्याय देऊन १४७२ बाइट पाठवा (२८ मिळवले की १५००). जात नसेल तर १३७२ करून बघा. एचएमसीवरच्या पिंग युटिलिटीनं उलट बाजूही तपासा, गेटवे चुकला असेल तर तिथं कळतो.

टिळकवाडी_ऑपरेटर:
१४७२ जाईना, १३७२ आरामात गेलं की! आता?

खानापूर_नेटवर्क:
मग आयसीसीच्या सर्व्हर कॉन्फिगरेशनमध्ये एमटीयू १४०० करा. टनेलच्या राउटरवर एमएसएस (एका पॅकेटातला कमाल टीसीपी डेटा) १३६० ला बांधून घेतला तर आणखी बरं, नाहीतर उद्या दुसरं कुठलं ॲप असंच अडकेल.

निपाणीचा_सिस्प्रोग:
आणि अण्णा, एवढं करून ३२७० जोडणी व्हीपीएनवरून नेताच कशाला? डेटा सेंटरमध्येच एक लहान लिनक्स मशीन ठेवा, त्यावर टीमक्समध्ये (लाइन तुटली तरी सेशन चालू ठेवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) सी३२७० हा ३२७० एम्युलेटर चालू, बेळगावातून फक्त एसएसएच. इकडं अंधार झाला तरी आयसीसीला कळणारच नाही. डीएचडी मग फक्त राखीव.

शहापूर_रात्रपाळी:
सगळे कन्सोल एकाच सीएचपीआयडीवर दिसतात, ते आधी बदला. एका सीएचपीआयडीवर १२० सेशन चालतात, पण कार्ड गेलं तर १२० च्या १२० जातात. दोन ओएससी, दोन वेगळ्या कार्डांवर, दोन स्विचांवर. दोन्हीकडचं एकेक डिव्हाइस निप (सिस्टिम उठतानाच्या) कन्सोल यादीत घाला.

कन्सोल गेलाच तर दुसऱ्या कन्सोलवरून डी यू,,,०७००,१ देऊन अवस्था बघा, मग व्ही ०७००,कन्सोल. एकही कन्सोल नसेल तर एचएमसीवर ऑपरेटिंग सिस्टिम मेसेजेस उघडून व्ही सीएन(*),ॲक्टिव्हेट द्या, तिथून कमांड चालतात. ही ओळ कागदावर लिहून एचएमसीशेजारी चिकटवा. काम झालं की व्ही सीएन(*),डीॲक्टिव्हेट विसरू नका.

झेड१५ वर जाणार असाल तर एक गोष्ट: ओएसए-एक्सप्रेस७एसचं १०००बेस-टी फक्त १ गिगाबिटवर चालतं, १०० च्या जुन्या स्विचवर लिंकच येणार नाही.