एका पायावरची बैठक कशी साधलीत? अनुभव लिहा

सिंहगड चढताना माझी तक्रार नसते, उतरताना उजवा गुडघा बोलायला लागतो. उतरणं म्हणजे दर पावलाला अख्खं वजन एका पायावर तोलून खाली सोडणं. दोन पायांच्या बैठका कितीही काढल्या तरी ती सवय होत नाही. ज्यांनी एका पायावरची बैठक सांभाळून साधली, त्यांनी जरूर लिहा. चुकलं असेल तर तेही.

*

मी घाई केली. एक पाय समोर धरून थेट तळापर्यंत बसायला गेले. गुडघ्याच्या वाटीभोवती जे दुखायला लागलं ते तीन आठवडे गेलं नाही. मोबाइलवर समोरून चित्रण केलं तेव्हा दिसलं, खाली जाताना गुडघा आत कलत होता. फिजिओथेरपिस्ट म्हणाल्या, कुल्ल्याच्या बाजूचा स्नायू कमजोर आहे. मग खुर्ची घेतली, वर दोन घट्ट उशा. एक पाय उचलायचा, कंबर मागे नेत चार आकडे मोजून टेकायचं. धपकन बसलं तर ती बैठक मोजायची नाही. गुडघा पायाच्या बोटांच्या दिशेलाच राहिला पाहिजे. उठायचं सुरुवातीला दोन्ही पायांवर. पहिली उशी महिन्याने निघाली. दुसरीला फार वेळ लागला, लागू दे.

*

खाली बसताना माझी टाच उचलली जायची. भिंतीपासून चारेक इंचांवर चवडा ठेवून, टाच न उचलता गुडघा भिंतीला लावून बघा. माझा डावा लागायचा, उजवा नाही, म्हणजे घोटाच आखडलेला. आता आधी पोटऱ्या ताणतो आणि जाड तळव्याचे बूट काढून अनवाणी करतो. अंगठ्याचं मूळ, करंगळीचं मूळ, टाच, तिन्ही जमिनीला.

*

वय ६४. पूर्ण बैठक मी करत नाही. कुकरची शिट्टी होईपर्यंत ओट्याला बोटं टेकवून एकेका पायावर उभी राहते. वृक्षासनात तळवा गुडघ्यावर दाबू नका, वर मांडीला नाहीतर खाली पोटरीला लावा.

*

कमजोर पाय आधी. तो पाच काढेल तर दुसऱ्यानेही पाचच. मांडी भरून आली तर चालतं, सांध्यात टोचलं की तिथेच थांबायचं.

*

धागा काढणारा मीच. आज जिन्याच्या शेवटच्या पायरीवर कठडा धरून उभा राहिलो आणि डावी टाच हळूच जमिनीला टेकवून परत वर आलो. सहा वेळा. चौथ्यापासून उजवा गुडघा आत वळताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. उद्या तीनच काढणार.