फेडोरा लिनक्सवर व्हिडिओचा आवाज येतो, चित्र नाही

प्रश्न: मोबाइलवरचे एचईव्हीसी (म्हणजेच एच.265) व्हिडिओ लावले की आवाज येतो, पडदा मात्र काळाकुट्ट. आरपीएम फ्यूजन (फेडोरात नसलेली सॉफ्टवेअर देणारं बाहेरचं भांडार, म्हणजे रिपॉझिटरी) जोडलंय, तरी तेच. आता काय?

उत्तर: नुसती रिपॉझिटरी जोडून भागत नाही हो. एच.264, एच.265 हे व्हिडिओ फॉरमॅट पेटंटच्या कचाट्यात आहेत, म्हणून फेडोरा व्हिडिओ उलगडणाऱ्या 'एफएफएमपेग'ची काटछाट केलेली आवृत्ती, 'एफएफएमपेग-फ्री', देतं आणि ते ठाण मांडून बसतं. डीएनएफ या फेडोराच्या पॅकेज मॅनेजरची 'डीएनएफ स्वॅप' कमांड वापरून त्याजागी आरपीएम फ्यूजनचं पूर्ण 'एफएफएमपेग' आणा. सोबत 'अलाउइरेजिंग' (आड येणारी पॅकेजं काढायची मुभा देणारा पर्याय) द्याच, नाहीतर पॅकेजांची आपसांत जुंपते आणि डीएनएफ हात वर करतो.

दुसरं उत्तर: एवढी यातायात कशाला? फ्लॅटहब या ॲप-भांडारावरून व्हीएलसी प्लेअर घ्या, कोडेक (व्हिडिओ उलगडणारे भाग) त्यातच असतात.

प्रश्नकर्ता: स्वॅप केलं, चाललं! पण पंखा भणभणतोय. ग्राफिक्स एएमडीचं आहे.

उत्तर: म्हणजे सगळा भार सीपीयूवर. फेडोराने 2022 मध्ये मेसा या ग्राफिक्स ड्रायव्हर-संचातलं या फॉरमॅटांचं हार्डवेअर डिकोडिंग (ग्राफिक्स चिपकडून व्हिडिओ उलगडणं) बंद केलं. आरपीएम फ्यूजनचं 'मेसा-व्हीए-ड्रायव्हर्स-फ्रीवर्ल्ड' टाका, मग ग्राफिक्स चिपला कोणते फॉरमॅट जमतात ते दाखवणारी 'व्हीएइन्फो' कमांड चालवा. यादीत एचईव्हीसीसमोर 'व्हीएलडी' (म्हणजे डिकोडिंग जमतं) दिसलं की झालं. आणि फ्लॅटहबवाले बरोबर आहेत, पण त्याने फक्त व्हीएलसीचं भागेल. बाकीचे प्लेअर तसेच आंधळे राहतील.