प्रति: फटाके आणि घाबरलेली मनी

फटाक्यांना घाबरून मांजर पलंगाखाली लपली तर ओढून बाहेर काढा आणि मांडीवर घ्या असं वर कोणीतरी उत्तरात लिहिलंय, ते कृपया करू नका. लपून बसलं की तिला धीर येतो, तिथेच जुनी चादर टाका, पाणी आणि लिटर ट्रे (तिचा शी-शूचा ट्रे) जवळ ठेवा, खिडक्या लावून घ्या, बास.

पण फटाक्यांच्या नादात लिलीच्या फुलांबद्दल कोणीच लिहिलं नाही. दिवाळीत मिठाईबरोबर बुके येतात ना, त्यातली ती मोठी गुलाबी-पांढरी लिली मांजरासाठी विष आहे, पाकळी चावायलाच पाहिजे असं नाही, अंगाला लागलेले परागकण चाटले किंवा फुलदाणीतलं पाणी प्यायली तरी २-३ दिवसांत किडन्या निकामी होऊ शकतात. पाडव्याच्या संध्याकाळी आमच्या चिंगीच्या नाकावर केशरी डाग दिसला, मला आधी रांगोळी वाटली, मग बुकेकडे लक्ष गेलं आणि तशीच तिला घेऊन डॉक्टरकडे पळाले, सलाईनवर ठेवावं लागलं पण वाचली हो. उलट्या सुरू व्हायची वाट बघू नका, याला उतारा नाहीये, जितक्या लवकर सलाईन लागेल तितकं बरं. आता बुके आला की लिली मी दारातच काढून टाकते, देणाऱ्याला वाईट वाटलं तरी चालेल.