कोल्हापुरात दक्षिणेची भिंत तापवावी का?

रंकाळाकाठ
लेहला एका घरी मुक्काम होता. रात्री अकराला सहज भिंतीला तळहात लावला, तर उन्हात राहिलेल्या पाट्यासारखी ऊबदार. शेगडी नाही, हीटर नाही. दक्षिणेची जाड भिंत बाहेरून काळी रंगवलेली आणि चार बोटं अंतर सोडून पुढे काच. दिवसभर मुरलेलं ऊन ती रात्री खोलीत सोडते. हिला ट्रॉम्ब भिंत म्हणतात. फेलिक्स ट्रॉम्बनी १९६७ मध्ये फ्रान्समधल्या ओदेयो इथं असं घर उभं केलं, पण एडवर्ड मॉर्सनी अमेरिकेत १८८१ मध्येच या कल्पनेचं पेटंट घेतलेलं होतं.

आमचं घर बांधायला काढलंय. आईला दमा आहे, थंडीत पहाटे चारला उठून बसते. तिच्या खोलीला ही भिंत घालावी असं मनात पक्कं होत चाललंय. वृद्धाश्रम, वसतिगृहं, दवाखाने यांनीही बांधतानाच ती घालावी. एकदा झाली की बिल येत नाही.

शून्यसावली
दादा, आईची काळजी कळते. पण ही भिंत आपल्या गावाची नव्हे. मी बांधकामातला माणूस आहे, म्हणून स्पष्ट सांगतो. लेहला जानेवारीच्या रात्री पारा उणे १० च्या खाली जातो. आपल्याकडे डिसेंबरच्या पहाटे १४-१५. त्याला एक वाकळ पुरते. आणि एप्रिलात ३७-३८ झालं की त्याच भिंतीचं काय करणार?

रंकाळाकाठ
उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असतो, दक्षिणेच्या भिंतीवर ऊन येतंच कुठं? मेच्या पहिल्या आठवड्यात आपल्याकडे शून्य सावली दिवस असतो. तुमचं नावच त्यावरनं आहे! दोन फुटांचा छज्जा काढला की एप्रिलच्या दुपारी अख्खी भिंत सावलीत.

शून्यसावली
एप्रिलचं बरोबर आहे, मान्य. पण ऑक्टोबर धरा. १५ ऑक्टोबरच्या दुपारी सूर्य क्षितिजापासून साधारण ६५ अंशांवर असतो. दोन फुटी छज्जाची सावली जेमतेम सव्वाचार फूट खाली उतरते, बाकी भिंत उघडी. पाऊस गेलेला, हवेत दमटपणा, आणि आत रात्री दहाला तापलेली भिंत. दम्याच्या माणसाला ती खोली नको होईल. फेब्रुवारीच्या शेवटीही तेच. महिना-दीड महिन्याच्या थंडीसाठी चार महिने उकाडा का विकत घ्यायचा? काच झाकायला पडदा लावता येतो, पण तो रोज ओढणार कोण?

दीडहातभिंत
आमचं जुनं घर दगडमातीचं, वर कौलं. भिंती दीड हात जाड. थंडीत बोचत नाही, उन्हाळ्यात दुपारी आत गारवा. काच नाही, काळा रंग नाही. जाड भिंत पाडून चार इंची विटांची घरं आपणच उभी केली, मग ऊब शोधत लेहला जायची वेळ आली. याचं मला खरंच वाईट वाटतं.

पायताण
खोली तापवायचं बाजूला ठेवा, माझं ऐका. आमचं चपलांचं काम. भिजवलेलं कातडं वेळेत वाळलं नाही की बुरशी धरतं, वास मारतो, तळाचे थर नीट बसत नाहीत. कॅनडात कारखान्यांच्या भिंतींवर काळा पत्रा लावतात, त्याला बारीक भोकं असतात. उन्हानं पत्र्याजवळची हवा तापते, मागचा पंखा ती भोकांतनं आत ओढतो. काच लागतच नाही. ती हवा वाळवणाच्या खोलीत सोडली तर? २०१९ ला कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, नाव झालं. पण कातडं अजून गल्लीत आभाळाकडं बघत वाळतंय.

शून्यसावली
ताई, हे मला पटतंय. फक्त भिंतीवर नको, छपरावर घ्या. मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो, दक्षिणेच्या भिंतीला थेट ऊन मिळतच नाही. वरून ढग. छपराला निदान वरचा उजेड तरी मिळेल.

पायताण
आमच्या छपराला कौलं आहेत, त्यावर पत्रा चढवायचा म्हणजे वासे बदलायला लागतील. मोकळी आहे ती दक्षिणेचीच भिंत. पावसाळ्यात ती चालणार नाही हे कळतं. पण दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत आमची विक्री जोरात असते, आणि तेव्हाच दिवस लहान होतात. चारला ऊन गल्लीतनं जातं.

रंकाळाकाठ
ताई, तेव्हा सूर्य दक्षिणेलाच कललेला असतो, २१ डिसेंबरला दुपारी जवळजवळ ५० अंशांवर. भिंतीसाठी हाच काळ चांगला. आईच्या खोलीचं मी पुन्हा बघतो. काच सोडून भिंत जाड ठेवावी, पूर्वेला मोठी खिडकी द्यावी असं आता वाटतंय. पण वसतिगृहांचा मुद्दा मी सोडलेला नाही. आंघोळीचं पाणी सौर बंबावर तापवतो तेव्हा कुणी हवामानाचं विचारत नाही.

शून्यसावली
पाणी बारा महिने लागतं, दादा. ऊब लागत नाही.

ताई, आधी एकच पत्रा लावा, तीन बाय सहाचा. काळा मॅट रंग, मागं चार इंच पोकळी, वर लहान पंखा. आतल्या आणि बाहेरच्या हवेचं तापमान आठवडाभर दर तासाला लिहून ठेवा. रविवारी मी थर्मामीटर घेऊन येतो. भोकं किती जवळ पाडायची ते पत्रा बघूनच ठरवू.