मदत हवी आहे : नवीन वैमानिकाने संघटनेत कधी जावं?
नमस्कार मंडळी. माझ्या लेकीची एका विमान कंपनीत ज्युनिअर फर्स्ट ऑफिसर (सहवैमानिक) म्हणून निवड झाली आहे. २०० तास उड्डाण करून मिळवलेलं कमर्शियल लायसन्स, त्यामुळे आनंद खूप आहे. पण काल जेवणं झाल्यावर करारनामा वाचायला बसलो आणि टाइप रेटिंगच्या (ठरावीक प्रकारचं विमान उडवण्याच्या प्रशिक्षणाच्या) खर्चापोटीच्या बाँडच्या पानावर दोघंही थबकलो. त्यात डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) २०१७ च्या नियमाने नोकरी सोडताना सहवैमानिकाला ६ महिन्यांची नोटीस, कमांडरला (मुख्य वैमानिकाला) तर वर्षभराची!

प्रोबेशन संपायच्या आत पायलट संघटनेचा अर्ज भरला तर कायम होताना आडकाठी येते का? की गरज आत्ताच जास्त असते? मला तरी आत्ताच वाटते. सही करण्याआधी करार कोणाला दाखवावा? घरात या क्षेत्रातलं कुणीच नाही. अनुभवी वैमानिकांनी कृपया सांगावं, सोमवारी सही करायची आहे.