सॅटचा स्कोअर लपवावा का?
अमेरिकन कॉलेजांच्या प्रवेशासाठी सॅट ही १६०० गुणांची परीक्षा असते. '१५०० च्या खाली असेल तर सॅटचा स्कोअर पाठवूच नका' असा सल्ला दिला जातो, तो मला सरसकट पटला नाही. कॉलेजं प्रवेश घेतलेल्यांच्या गुणांची जी रेंज छापतात ती फक्त स्कोअर दाखवणाऱ्यांची असते. परीक्षा ऐच्छिक असली की कमी गुणवाले गप्प बसतात आणि आकडा आपोआप फुगतो.

डार्टमथ या अमेरिकन कॉलेजने २०२४ मध्ये परीक्षेची सक्ती परत आणली ती बरीचशी याच घोळामुळे. १४०० च्या आसपास गुण असलेली, बेताच्या परिस्थितीतली मुलं स्कोअर लपवत होती, आणि दाखवला असता तर त्यांना फायदाच झाला असता, असं तिथल्याच प्राध्यापकांच्या अभ्यासात निघालं. कारण गुण शाळेच्या सरासरीशेजारी ठेवून वाचतात. जिथे बहुतेकांना हजारच पडतात तिथला १४२० उठून दिसतो. महागड्या खाजगी शाळेतला तोच १४२०... तिथे न पाठवण्याचा सल्ला चालेल. (अमेरिकेतल्या एमआयटीत हा प्रश्नच नाही, त्यांनी २०२२ मध्येच परीक्षा पुन्हा सक्तीची केली.)