प्रतिसाद: बाहेरून दिसतं त्याचं काय?

थीम पार्कमधली राइड आतून भन्नाट असली की ती पार्कच्या कुठल्या विभागात उभी आहे याने फरक पडत नाही, हे वर आलेलं मत मला अजिबात पटत नाही. रांगेत तासभर आपण बाहेरच तर उभे असतो! फ्लोरिडाच्या डिस्ने वर्ल्डमधला टॉवर ऑफ टेरर घ्या, म्हणजे जुन्या हॉटेलच्या रूपात बांधलेली, लिफ्ट कोसळण्याचा थरार देणारी राइड. १९९४चा. तो आहे हॉलिवूड स्टुडिओजमध्ये, पण त्याचा माथा शेजारच्या एपकॉट पार्कातल्या मोरोक्को दालनामागे डोकावतो. म्हणून त्याची मागची बाजू मोरोक्कन इमारतींच्या ढंगात आणि रंगात केली. उंची १९९ फूट ठेवली; २०० झाली असती तर विमानांसाठी लाल दिवा लावावा लागला असता, आणि १९३०च्या दशकातल्या हॉटेलवर तो कसा दिसला असता?

आमच्या नाशकात पांडवलेणीच्या पायथ्याशी मुलांना घेऊन फाळके स्मारकात जातो, तेव्हा शेजारच्या बुद्धविहाराचा घुमट आणि मागचा लेण्यांचा डोंगर मी हटकून बघत राहतो. घुमट नवा आहे, तरी तिथलाच वाटतो. त्या जागी भडक रंगाचा फायबरचा किल्ला असता तर मला डोंगराकडे बघवलं नसतं.